पाण्याला कचरा म्हणणारे सर

पाण्याला कचरा म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही आमच्या मराठवाड्यात. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातला आमचा पहिला तास. बाहेर उन्हाचा नुसता जाळ, व्हरांड्यातला माठ दुपारच्या आत कोरडा पडलेला, आणि हे गृहस्थ दारातून आत येता येताच बोलायला लागले, "कच्च्या तेलात सगळ्यात मोठा कचरा कोणता? पाणी! ते हाकलल्याशिवाय पुढचं काम सुरूच होत नाही." मागच्या बाकावरून एक जण पुटपुटला, "सर, आमच्या गावाकडं धाडून द्या की तो कचरा." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला गाव विचारलं. तो उमरीचा निघाला. सर स्वतःही उमरीकडच्याच एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. "मग तुला उमरी म्हणतो," ते म्हणाले, आणि कॉलेज संपेपर्यंत त्याला उमरीच म्हणत राहिले. मी कंधारची म्हणून मी कंधार. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. माझ्या लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर त्यांनी उमरीला विचारलं होतं म्हणे, "ही पोरगी कोण रे? आपल्या ओळखीतली हाय का?"

सरांचं अर्धं आयुष्य उत्तरेकडच्या एका संशोधन संस्थेत गेलं होतं. जमिनीतून वर येणारं कच्चं तेल एकटं येत नाही, सोबत खारं पाणी घेऊन येतं. दोन्ही एकमेकांत अशी घुसळलेली असतात की नुसती ठेवून दिली तर लवकर वेगळी होत नाहीत. ती वेगळी करायची, तेल पुढं पाठवायचं आणि पाणी गटारात सोडायचं, हे सरांचं काम. ते मिश्रण फोडणारं एक रसायन त्यांनी तयार केलं होतं आणि ते चांगलं चालत होतं, एवढं आम्हाला लायब्ररीतल्या जुन्या अंकांवरून कळलं. ते स्वतः मात्र त्या संशोधनाबद्दल लोणी काढणाऱ्या बाईसारखे बोलायचे. "फोडायचं, बस. ताक खाली, लोणी वर. एवढ्यासाठी मला बंगला दिला होता, येडे लेकाचे."

असा बंगला सोडून ते नांदेडला का आले, याचं उत्तर दर वेळी वेगळं मिळायचं. कधी तिकडची थंडी सोसत नव्हती. कधी साहेब खडूस होता. एकदा तर म्हणाले, तिकडच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. मला वाटतं खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, विष्णुपुरी धरणाच्या बाजूनं पायी येताना. "संस्थेच्या मागं एक नाली होती. तेलातून काढलेलं पाणी तिच्यातून वाहायचं. खारट, काळपट, वर तेलाचा तवंग. मी रोज जाऊन तिथं उभा राहायचो. सोबतचा एक जण एकदा म्हणाला, क्या देख रहे हो भाई, नाली है. त्याला काय सांगू, कंधार? आपल्याकडं वाहतं पाणी दिसलं की माणूस थांबतो." एवढं बोलून ते इतक्या झपाट्यानं पुढं निघाले की मला पळावं लागलं.

त्यांच्यासोबत चालणं म्हणजे पळणंच होतं. शिकवताना फळ्यापासून निघायचे, बाकांमधून मागच्या दारानं व्हरांड्यात जायचे, आणि मग आम्हाला खिडक्याखिडक्यांतून फक्त आवाज यायचा. एका खिडकीत प्रश्न, पुढच्या खिडकीत उत्तर. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला त्यांना कुणी बोलावत नसे, कारण त्यांच्या फेऱ्यांनी मुलांचं डोकं गरगरायचं. स्कूटरवर शहरात जायचे आणि विचारांच्या नादात बसनं परत यायचे. मग स्कूटर कुठं राहिली हे शोधायला उमरीला धाडायचे. एका हॉटेलात चहा सांगून दुसऱ्या हॉटेलात पिऊन यायचे. रागवायचं तरी कसं? पहिला हॉटेलवालाही त्यांच्याकडूनच घरच्या बोअरचं पाणी तपासून घ्यायचा.

आणि वास घ्यायची खोड. तेलाच्या धंद्यातली माणसं नाकानं अर्धं काम करतात म्हणे. सर हातात आलेली कुठलीही वस्तू आधी हुंगायचे. पाणी, चहा, नव्या पुस्तकाची पानं, समोरच्याचं स्वेटरसुद्धा. नांदेडच्या जुन्या वस्तीत ते ज्यांच्याकडं वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, त्या घराचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचा. म्हणजे हा माणूस नेमका जिथं जाऊ नये तिथंच जाऊन पडला होता. घरमालकीण खालाजान चहाचा कप पुढं करायची आणि हे नाकाशी धरून उभे. खाला वैतागायची, "सर, चाय पीते की सूंगतेच बैठते?" सर म्हणायचे, "खाला, दूध आज दुसरीकडचं हाय ना?" आणि ते खरंच दुसरीकडचं असायचं, म्हणून खाला आणखीच चिडायची.

त्या दिवसांत सरांनी तुराट्यांचा कोळसा करून त्यानं पाणी गाळायचा ध्यास घेतला होता. तूर काढल्यावर शेतात उरणारी ती काटकं. गच्चीवर पत्र्याच्या पिपात तुराट्या कोंबायच्या, झाकण लावायचं आणि खालून जाळ. एका दुपारी झाकण नीट बसलं नाही. धुराचा लोट जिन्यानं खाली उतरला आणि थेट अत्तराच्या खोलीत शिरला. पुढं कित्येक दिवस त्या दुकानातल्या गुलाबाला चुलीचा वास येत होता. खालानं मोहल्ला गोळा केला. "अब्बी के अब्बी घर खाली करो!" सर खाली आले, एक कुपी उघडली, वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "खाला, वाईट न्हाई लागून राहिला." मी जिन्यात उभी होते. मला वाटलं आता हे मार खाणार. पण खालाला हसू फुटलं, आणि घर काही खाली झालं नाही. त्या कोळशानं गाळलेलं पाणी मात्र खरंच चांगलं निघालं. सरांनी त्यावर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं, कारण तोवर त्यांना दुसरंच काही सुचलं होतं. त्यांच्या हुशारीचा मला जितका अभिमान वाटायचा, तितकाच या अर्धवटपणाचा राग यायचा. एवढं डोकं, आणि एक गोष्ट शेवटाला नेईल तर शपथ.

मग भूकंप झाला. त्या पहाटे नांदेडही हललं, पण आमची घरं उभी राहिली. लातूरकडून बातम्या यायला लागल्या आणि सर त्याच दिवशी निघून गेले. कॉलेजात अर्ज नाही, खालाला निरोप नाही. ते कुठं आहेत हे आम्हाला उशिरानं कळलं. पत्र्याच्या शेडांमधून फिरत ते टाक्यांचं पाणी तपासत होते, औषध घालत होते आणि कुणी न तपासलेलं पाणी पोरांना पाजलं तर आरडाओरडा करत होते. तिथल्या सगळ्या बाया त्यांना ओळखायच्या. त्या शेडांमध्ये रोगराई पसरली नाही याचं श्रेय किती जणांचं असेल, पण त्यात थोडं सरांचंही नक्की होतं.

पुढं पडलेल्या गावांना नवी जागा द्यायचं ठरलं, आणि जागा ठरवण्याआधी पाणी बघायचं. पाण्यातलं कळणारी माणसं हवी होती. एका गावाच्या पाहणीत सरांनाही घेतलं. त्या गावाच्या नव्या जागेवर बोअर घेतला तेव्हा पाणी असं उसळलं की यंत्रावरची माणसं चिंब भिजली. बघायला जमलेले लोक नाचायला लागले. पाहणीत भूगर्भातलं जाणणारे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "घाई नको. मोटार दोनतीन दिवस सलग चालवू, मग बंद करून बघू, पाणी परत किती चढतं." सर त्यांच्यावर खेकसले. लोक पत्र्याखाली आहेत, लेकरं उन्हानं भाजून निघाली आहेत, आणि तुम्ही पाण्याची परीक्षा घेत बसणार? एवढं पाणी डोळ्यांनी दिसतंय ते पुरे नाही का? आणि त्यांनी जागा पास केली. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तिथं गाव वसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं.

सुरुवातीला पाणी भरपूर होतं. मग प्रत्येक उन्हाळ्यात ते थोडं थोडं खाली गेलं, आणि एका उन्हाळ्यात मोटारीतून नुसती हवा यायला लागली. खडकातली ती एक भेग होती. वर्षानुवर्षं साचत आलेलं पाणी तिच्यात भरून होतं, ते उसळलं म्हणून सगळ्यांना झरा वाटला. काढायचा वेग मोठा आणि भरायचा वेग थेंबाथेंबाचा. अशी चूक करायला तेलातलाच माणूस लागतो. सरांनी मला नंतर स्वतःच सांगितलं, "तेलाच्या धंद्यात वर किती येतंय ते मोजतात, कंधार. परत किती भरतंय हे कुणी मोजत नाही, कारण तेल परत भरतच नसतं. मी पाण्याला तेल समजलो."

तोवर मी लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत होते. लातूरला तेव्हा क्लासचं वारं सुटलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं यायची, गल्लीगल्लीत खोल्या, मेस आणि झेरॉक्सची दुकानं, आणि चौकाचौकात गुणवंतांच्या चेहऱ्यांचे एवढाले फलक. एक दिवस सर आमच्या क्लासच्या दारात उभे. कॉलेज सोडून आले होते. "इथं शिकवायला माणूस लागतो का?" मालकांना आनंदानं वेड लागायचं बाकी राहिलं. मोठ्या संस्थेतले शास्त्रज्ञ आमच्याकडे, असा फलकही लागला. नांदेडात लोक म्हणाले, शेवटी पैशाच्या मागं गेले. मलाही तसंच वाटलं आणि वाईट वाटलं. पण ते दर सुट्टीला गायब व्हायला लागले तेव्हा उलगडा झाला. ते गाव लातूरपासून जवळ होतं. सुट्टी मिळाली की तिथं जाता यावं म्हणून ते आले होते.

क्लासमध्ये त्यांनी जो गोंधळ घातला त्याला तोड नाही. पोरांना पर्याय निवडायची घाई, आणि सर विचारायचे, "तू राहतोस त्या खोलीत पाणी कुठून येतं?" पोरगं म्हणायचं, नळातून. "नळात कुठून?" टाकीतून. "टाकीत?" टँकरमधून. "टँकरमध्ये?" पोरगं डोकं खाजवायचं. "उद्या शोधून ये, मग तुला मोल शिकवतो." पालकांच्या तक्रारी यायच्या. पन्नाशी उलटलेला माणूस, पण वर्गात फेऱ्या तशाच, आता तर जिन्यानं गच्चीवर जाऊन परत यायचे. मालक मला म्हणायचे, "मॅडम, तुमच्या सरांना जरा अभ्यासक्रमात ठेवा." मी काय ठेवणार? पण पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, हेही खरं. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे बघायला तीन जण सायकलवर गेले होते आणि येताना ती विहीर केवढी खाली गेलीय हे डोळ्यांनी पाहून आले होते.

एका रविवारी सरांनी मला त्या गावाला सोबत नेलं. त्या दिवशी गावानं ग्रामपंचायतीपुढं बैठक बोलावली होती. पाणी परत आणायचा मार्ग सरांना सापडला होता, पण तो सांगायची भीती वाटत होती, हे मला जीपमध्ये कळलं. इतक्या वर्षांत सरांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ते पायानं सारखा ताल धरत होते आणि शेजारच्या बाईच्या टोपलीतल्या वांग्यांचा वास घेत होते.

गावची सरपंच सोजरबाई. सरपंचपद बायांसाठी राखीव झालं म्हणून पुतण्यानं, दिगंबरनं, चुलतीला उभं केलं होतं. ती सही करेल, आपण कारभार करू, असा त्याचा हिशेब होता. तो पहिल्याच महिन्यात चुकला. भूकंपात तिच्या घरातलं कुणी राहिलं नव्हतं, त्यामुळं तिला कुणाला भ्यायचं कारणही राहिलं नव्हतं. तिचं डोकं साफ होतं आणि आवाज खणखणीत.

सर उभे राहिले. पुढं तीनशे माणसं असतील नसतील, पण नजर सगळ्यांची एकच. सर म्हणाले, "ही जागा मी पास केली. घाईत केली. माझं चुकलं."

मग दिगंबर उठला. "चुकलं म्हणून काय होतंय सर? आता काय गाव पुन्हा उचलावं का आमी?"

"न्हाई," सर म्हणाले. "पाणी परत आणता येतं. वरच्या उतारावर चर खोदायचे, पावसाचं पाणी तिथंच मुरवायचं. पण त्या भेगेवरच्या सगळ्या मोटारी बंद ठेवायच्या. गावाची, आणि खाली उसाला चालते ती."

उसाची मोटार दिगंबरची. तो उसळला. "म्हंजी माझा ऊस वाळवायचा?"

"हाव. आणि अजून ऐका. आता बंद ठेवणं सोपं हाय, आता पाणीच न्हाई. पाऊस पडंल, बोअर भरायला लागंल, टँकर बंद होईल, बाया लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणतील, आणि इथं दारात पाणी वर आलेलं दिसंल. तेव्हा हात लावायचा न्हाई. दसऱ्यापर्यंत न्हाई. मधेच मोटार चालू केली तर परत हेच."

एकच गलका उठला. बायाच जास्त चिडल्या होत्या, आणि का चिडू नये? एक म्हणाली, "त्याच मानसाचं पुन्हा ऐकायचं का?" दिगंबर म्हणाला, "एकदा बुडवलं, आता दुसऱ्यांदा बुडवायला आलेत." सर उभेच होते. त्यांचे पाय एका जागी होते, पण हाताची बोटं शर्टाचं बटण फिरवत होती. ते तुटून पडलं. मला वाटलं, चला, आता इथून पळायची वेळ झाली.

सोजरबाई उठली. "भुकंपानंतर किती लोक आले रं हितं? मोठे मोठे आले. फोटू काढले, बरोबर बरोबर बोलले, गेले. त्यातलं कोन परत आलं? एक तरी आलं का? बरोबर सांगनारं कुनी आलं न्हाई. चुकलेला तेवढा आला." ती सरांकडं वळली. "मास्तर, काढा मोटारीचं फ्यूज. आन दिग्याचं बी काढा."

दिगंबर म्हणाला, "काकू..." पुढं त्याला कुणी बोलू दिलं नाही. गाव उठलं. गावाच्या स्टार्टरच्या पेटीतले चिनीमातीचे पांढरे फ्यूज निघाले, मग खालच्या शेतात जाऊन दिगंबरच्या पेटीतले. सोजरबाईनं ते सगळे पदरानं पुसून सरांच्या हातात दिले. "तुमच्यापाशी ठिवा. दसऱ्याला घिऊन या. तवर कुनी मागितलं तरी देऊ नगा, मी मागितलं तरी."

पुढचे महिने सर ते फ्यूज खिशात घेऊन शिकवत होते. चालताना वाजायचे. पोरं विचारायची, "सर, काय वाजतंय?" सर सांगायचे, "गाव." पाऊस बरा झाला. चर भरले. सोजरबाई बोअरशेजारच्या जुन्या तपासणीच्या नळीत दगड बांधलेली दोरी सोडायची आणि एसटीडीवरून क्लासच्या ऑफिसात फोन करायची, "मास्तरला सांगा, दोरी ह्या वक्ताला लई भिजली." मालक तो निरोप कपाळाला आठ्या घालून वर्गात पोचवायचे. पाणी चढत होतं. इतक्या वर्षांत सरांनी हाती घेतलेली कुठलीच गोष्ट शेवटाला गेली नव्हती. ही जावी असं मला इतकं वाटत होतं की मी स्वतः रोज ऑफिसात जाऊन विचारायचे, फोन आला का?

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. क्लासमध्ये चाचणीची घाई. भर तासाला फट् असा आवाज झाला आणि वर्गातले पंखे थांबले. शिपाई आला, पेटी उघडली, फ्यूज जळालेला बघितला आणि खाली गेला. सरांची एक फेरी पूर्ण व्हायच्या आत तो परत आला, नवा फ्यूज बसवला, पंखे फिरायला लागले.

सर थबकले. "कुठून आणलास?"

"समोरच्या दुकानातून, सर."

सरांचा हात खिशावर गेला. मी शेजारच्या वर्गातून बघत होते, मला काही कळेना. मग ते माझ्या दारात आले. "कंधार, फ्यूज तर दुकानात मिळतो."

एवढा मोठा शास्त्रज्ञ. इतके महिने ते पांढरे तुकडे जिवापाड जपले, रात्री उशाशी ठेवले, आणि हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं. आम्ही दोघं तसेच निघालो. मागून मालक ओरडत होते, "सर, चाचणी आहे! मॅडम, तुम्ही तरी!" जीप भरेपर्यंत सर स्टँडवर नुसते गोल गोल फिरले. वाटेत ते म्हणाले, "तारेचा तुकडा लावला तरी चालतं गं. फ्यूज पण लागत नाही." मग थोड्या वेळानं, "दोरी भिजतेय म्हणजे मोटार चालू नसेल, नाही का?" आणि लगेच, "पण पाऊस एवढा झालाय की चोरून चालवली तरी दोरी भिजेल." मी त्यांची समजूत घालायचं सोडून दिलं. मला दिगंबरचा ऊस आठवत होता आणि त्याचा राग. त्याच्या जागी मी असते तर तार लावली असती का? लावली असती.

गावाच्या पेटीकडं सर गेलेच नाहीत, ती सोजरबाईच्या डोळ्यांसमोर होती. ते थेट खालच्या शेतात निघाले. उसाचा पट्टा वाळून पिवळा पडला होता आणि अर्ध्यात दिगंबरनं नांगर घालून ज्वारीची तयारी केली होती. तो बांधावरच होता. आम्हाला बघून उभा राहिला.

"सर? आज कसं काय? दसरा तर अजून यायचाय."

सर सरळ लिंबाखालच्या खांबावर पेटी होती तिथं गेले आणि दार उघडलं. मीही मागून वाकून बघितलं. फ्यूजच्या रिकाम्या जागांवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जुनं, धुळीनं जाड झालेलं. त्यात वाळलेली चिलटं अडकली होती. त्या पेटीत पावसाळाभर कुणाचं बोट गेलेलं नव्हतं.

सर म्हणाले, "दिगंबर, फ्यूज दुकानात मिळतात रे."

"ते का मला ठाऊक न्हाई?" दिगंबर जरा रागानंच बोलला. "तालुक्याला रोज जातो मी. पन आमचे फ्यूज तुमच्या खिशात हायेत म्हणल्यावर दुसरे कसे आनावं?"

सरांनी पेटीच्या दारावर कपाळ टेकवलं आणि ते रडले. चांगले हमसून रडले. दिगंबरला काय करावं कळेना, तो टोपी काढून पुन्हा घालायला लागला. माझेही डोळे भरून आले होते आणि मी ते पुसले नाहीत.

तोवर कुणीतरी सोजरबाईला सांगितलं होतं. ती आली, मागं बाया, पोरं, अर्धं गाव. सरांचा अवतार बघून तिनं नुसता हात पुढं केला. सरांनी खिसा रिकामा केला. सोजरबाईनं ते तुकडे ओंजळीत घेतले, एक एक उलटून बघितला आणि म्हणाली, "आता आलाच हाव तर दसऱ्याची वाट कशाला? पानी पुरं चढलंय. तुमी म्हणत असाल तर घटकाभर चालवू, बंद करू, आन परत किती चढतंय ते बघू. तवा राहिलं होतं ते."

"हाव," सर म्हणाले. "तेच राहिलं होतं."

सगळे गावाच्या बोअरपाशी गेलो. दिगंबरनं फ्यूज बसवले. सोजरबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. दिगंबरनं दाबलं. सर पुढं सरसावले, पेटीत डोकं घातलं, फ्यूज हलवून बघितले. मग मागून एक पोरगी म्हणाली, "सर, लाइट गेलीय. तीनला येती."

आधी सर हसले, मग सगळं गाव हसायला लागलं. सोजरबाई बोअरच्या ओट्यावर टेकली आणि तिनं शेजारची जागा हातानं झाडून सरांना दाखवली. "बसा मास्तर. एवढे दीस थांबलाव, आनखी घडीभर थांबू."

सर बसले. मीही बसले. आणि आम्ही सगळे लाइट यायची वाट बघू लागलो.